उगमापासून घागरीपर्यंत

आमच्या शहापूर तालुक्याची एक गोष्ट बाहेरच्या पाहुण्यास सांगितली म्हणजे त्यास ती प्रथम खरी वाटत नाहीं. सन १८९२ मध्यें पुरें झालेलें तानशाचें धरण ह्या तालुक्यांतलें. वैतरणेवरील मोडकसागर, जो १९५७ पासून मुंबईस पाणी पुरवीत आला आहे, तोहि ह्याच बाजूचा. आणि भातसेचा विस्तीर्ण जलाशय तर आमच्या उशाशींच. मुंबईकर सकाळीं नळ सोडतो तेव्हां त्याच्या बादलींत पडणारें पाणी पुष्कळसें आमच्या डोंगरांवरचें असतें. असें असतांहि चैत्र-वैशाखांत ह्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका टँकरची वाट पाहात हंडे मांडून बसलेल्या आम्हीं वर्षानुवर्षें पाहिल्या आहेत. उगम उशाशीं आणि घसा कोरडा!

उगम जवळ असणें निराळें आणि पाणी घागरींत येणें निराळें, हें आम्हांस लहानपणापासून ठाऊक होतें. परंतु संगणकाच्या बाबतींतहि हेंच तंतोतंत खरें आहे, हें मात्र सन २०२५ च्या उन्हाळ्यांत आमच्या घरांत जें कांहीं घडलें त्यावरून कळलें. ती हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें कारण एवढेंच कीं, आज संगणक कोठें नाहीं असें सुशिक्षित घर विरळा, आणि ज्याच्या डोळ्यांनीं दगा दिला आहे असें वडील माणूसहि बहुतेक घरांत असतेंच.

आमच्या एकत्र कुटुंबांत थोरल्या काकू आज सर्वांत वडील. वय वर्षें ८२. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार गेल्या तीन वर्षांत इतका वाढला कीं, समोरच्या माणसाचा चेहराहि त्यांस नीट दिसत नाहीं. कडेकडेचें तेवढें दिसतें. ज्या बाईनें संसाराचा रामरगाडा ओढूनहि दुपारचा एक तास वाचनाशिवाय जाऊं दिला नाहीं, तिच्या हातीं आतां पुस्तक म्हणजे केवळ कागदांचा गठ्ठा झाला. माळ्यावर जुन्या मासिकांचे बांधलेले खंड आहेत, काकूंच्या सासूबाईंपासून चालत आलेले. घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. घरांत माणसें नऊ. प्रत्येकाचें काकूंवर प्रेम. आणि तरीहि वाचून दाखवावयास कोणासच वेळ नाहीं! "संध्याकाळीं वाचूं हं, काकू," हें वाक्य आमच्या घरांत किती वेळां उच्चारलें गेलें असेल त्याची गणती नाहीं. काकू संध्याकाळीं खंड मांडीवर घेऊन बसत. पुढें पुढें त्यांनीं विचारणेंच सोडून दिलें. त्यांचें विचारणें आम्हांस कधीं जड वाटलें असेल, पण त्यांचें न विचारणें मात्र सर्वांस बोचूं लागलें.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या कल्याणास संगणकशास्त्र शिकते. तिनें एक युक्ति सुचविली. पुस्तकाच्या पानाचें छायाचित्र घ्यावें, त्यांतील अक्षरें संगणकाकडून ओळखवून घ्यावीं, आणि तीं अक्षरें संगणकाकडूनच मोठ्यानें वाचवावीं. हीं दोन्ही कामें करणाऱ्या मुक्त आज्ञावली आज उपलब्ध आहेत आणि त्यांस मराठीहि येतें. अक्षरें ओळखणारी टेसरॅक्ट नांवाची आज्ञावली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ ह्या काळांत तयार झाली आणि २००५ मध्यें सर्वांस खुली करण्यांत आली. वाचून दाखविणाऱ्या ई-स्पीकचा आरंभ जोनाथन डडिंग्टन ह्या एका गृहस्थांनीं १९९५ मध्यें केला. तिचा नवा अवतार २०१५ पासून अनेक स्वयंसेवक मिळून सांभाळीत आहेत.

कोणी म्हणेल, हें काम आतां मोबाईलवरहि होतें, मग एवढी यातायात कां? आम्हीं तेंहि करून पाहिलें. आम्हांस मिळालेली सोय पानाचें छायाचित्र दूरच्या कोठल्यातरी संगणकाकडे पाठवी आणि तेथून उत्तर आणी. कुलवृत्तांतांतील घरोघरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी अशा परक्या दारीं धाडणें वडील मंडळींस रुचेना. शिवाय आमच्या जुन्या घरांत, जाड भिंतींच्या आंत, मोबाईलची रेंज वळवाच्या पावसासारखी. आली तर आली. तेव्हां सारें काम घरच्या घरींच करावयाचें ठरलें. कोपऱ्यांत धूळ खात पडलेला एक जुना संगणक होता, तो पुसून मेजावर मांडला.

वर सांगितलेल्या दोन आज्ञावलींस एकत्र जोडून 'पान ठेवा आणि ऐका' एवढें सोपें करून देणारी तिसरी एक लहानशी आज्ञावली कोणा परोपकारी गृहस्थानें लिहून सर्वांस खुली केली होती. तिचा तयार संच मात्र चौसष्ट बिटांच्या नव्या संगणकांपुरताच होता. आमचा संगणक बत्तीस बिटांचा, म्हणजे मागच्या पिढीचा. त्याच्यासाठीं तयार असें कांहीं नाहीं. पण सोर्स कोड हजर होता. "सोर्स कोड आहे ना, मग झालें तर! मी बिल्ड करतें," मुलगी म्हणाली. हें वाक्य तिनें शुक्रवारीं रात्रीं उच्चारलें. काकूंस पहिलें पान ऐकूं येण्यास त्यानंतर सतरा दिवस लागले.

सोर्स कोड म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. आज्ञावली लिहिणारा ती मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. ती तिची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड. संगणकास ती जशीच्या तशी उमजत नाहीं. कंपायलर नांवाची दुसरी एक आज्ञावली तिचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करते, निरनिराळे तुकडे सांधले जातात, आणि मग चालणारा संच तयार होतो. ह्या साऱ्या खटाटोपास बिल्ड करणें म्हणतात. तयार संच घेणें म्हणजे दुकानांतून चकल्या आणणें. सोर्स कोड घेणें म्हणजे भाजणीची कृति मागून आणून स्वतः चुलीपाशीं बसणें. दुसऱ्यांत कष्ट अधिक, पण तिखट किती घालावें तें आपल्या हातीं.

मूळ संहिता सर्वांस वाचतां, बदलतां आणि वाटतां आली पाहिजे ह्या आग्रहानें रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं सन १९८३ मध्यें ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्याच प्रकल्पांतील जी.सी.सी. हा कंपायलर १९८७ मध्यें प्रसिद्ध झाला. हा विचार आमच्या डोंगरांपर्यंतहि एकदां येऊन पोंचला होता. मुरबाडच्या शेजारच्या कर्जत तालुक्यांत, एका धनगरवाड्यावरील लहानशा शाळेंत, सन २००७ मध्यें 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' ह्या योजनेचे हिरवेपांढरे संगणक मुलांच्या हातीं दिले गेले. त्या संगणकाच्या कळफलकावर मूळ संहिता दाखविणारी एक कळ मुद्दाम ठेवलेली होती. चालूं असलेली आज्ञावली आंतून कशी आहे हें मुलानें कळ दाबून पाहावें, अशी त्यामागची कल्पना. कल्पना उदात्त खरी. परंतु संहिता डोळ्यांनीं पाहाणें आणि तिच्यापासून चालतें यंत्र उभें करणें ह्यांत तानसा ते घागर एवढें अंतर आहे, आणि तें अंतर आमच्या पुतणीनें सतरा दिवसांत पायीं तोडलें.

त्या गृहस्थानें दिलेल्या सूचना अवघ्या तीन ओळींच्या होत्या. पहिल्या आज्ञेनें संगणक घरांतील सामानाची झडती घेतो, दुसरीनें बिल्ड करतो, तिसरीनें तयार संच जागेवर बसवितो. मुलीनें पहिली आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर ओळी धांवूं लागल्या: अमुक आहे काय? आहे. तमुक आहे काय? आहे. लग्नघरांत सामानाची यादी वाचावी तसा तो प्रकार पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. आणि एकाएकीं झडती थांबली. चित्रांवर संस्कार करणारी एक लायब्ररी घरांत नाहीं, असा संदेश आला.

लायब्ररी म्हणजे येथें ग्रंथालय नव्हे. कोणतीहि आज्ञावली सारीं कामें स्वतः करीत नाहीं. चित्र उघडणें, अक्षर ओळखणें, आवाज काढणें अशीं कामें ती सहायकांकडे सोंपविते, आणि त्या सहायकांस लायब्ररी म्हणतात. नवल असें कीं, जी लायब्ररी नाहीं म्हणून संगणक अडून बसला ती त्याच्यावर होती! मुलीनें दोनदां खात्री करून घेतली. अखेर मध्यरात्रीं उलगडा झाला. आमच्या संगणकावर डेबियन ही १९९३ पासून चालत आलेली मुक्त प्रणाली आहे. तींत अशा लायब्ररीचे बहुधा दोन भाग असतात. एक चालविण्यापुरता, आणि दुसरा तिच्या आधारानें नवें कांहीं बांधणारासाठीं. पहिला भाग म्हणजे कोठारांतला माल, दुसरा म्हणजे कोठाराची यादी. यादी हातीं नसेल तर कंपायलरला मालाचा पत्ता लागत नाहीं. मात्र तो 'यादी नाहीं' असें म्हणत नाहीं. 'माल नाहीं' असें म्हणतो. पुष्कळ माणसांचेंहि असेंच असतें, तेव्हां यंत्रास काय दोष द्यावा!

यादी आणली, तर माल जुना निघाला. आज्ञावलीस त्या लायब्ररीची नवी आवृत्ति हवी होती. नवी आवृत्ति आणावी, तर तिला दुसऱ्या एका लायब्ररीची नवी आवृत्ति हवी. एका कर्जाच्या फेडीसाठीं दुसरें कर्ज, दुसऱ्यासाठीं तिसरें, अशी ती सावकारी तीन दिवस चालली. शेवटीं मुलीनें त्यांतली एक लायब्ररी स्वतःच सोर्स कोडपासून बांधून काढली. म्हणजे एका बिल्डच्या पोटीं दुसरें बिल्ड जन्मास आलें.

पुढें बांधणीच्या कृतीच्या फाइलींत एक ओळ बदलावी लागली. ती मुलीनें मोबाईलवरील एका उत्तरांतून अक्षर न् अक्षर उतरून घेतली, तरी संगणक ती ओळ मानीना. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती त्या एका ओळीकडे पाहात बसली होती. दोष कोठें होता, तर ओळीच्या आरंभींच्या कोऱ्या जागेंत! तेथें टॅबची कळ दाबावयास हवी होती, मुलीनें आठ वेळां स्पेसची कळ दाबली होती. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात. मेक नांवाच्या बांधणी-आज्ञावलीस मात्र दिसत नाहींत. ह्या टॅबची कथा ऐकण्याजोगी आहे. मेक ही स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ मध्यें लिहिली. टॅबचा नियम अडचणीचा आहे हें त्यांच्या लौकरच ध्यानांत आलें होतें. परंतु तोंपर्यंत ती वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांतले बहुतेक मित्रच. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच राहूं दिला. डझनभर स्नेह्यांची भीड पडली, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनीं शहापुरांत एका मुलीचा अख्खा दिवस बुडाला! घरोघरच्या किती चालीरीति अशाच एखाद्या भिडेनें सुरू होऊन शास्त्र बनल्या असतील, असें तेव्हां आमच्या मनांत येऊन गेलें.

त्यानंतर स्मरणशक्तीचा घोळ. बांधणी लौकर व्हावी म्हणून मुलीनें एका वेळीं चार तुकडे कंपाईल करावयास लावले. बिचाऱ्या जुन्या संगणकाची मेमरी ती केवढी! तो धापा टाकूं लागला, आणि 'किल्ड' एवढाच एक शब्द उमटवून काम अर्धवट टाकून मोकळा झाला. कोणी मारलें, कां मारलें, ह्याचा पत्ता नाहीं. मेमरी संपली म्हणजे प्रणालीच एखादें अवजड काम गळा दाबून बंद पाडते, हें मागाहून कळलें. मग एका वेळीं एकच तुकडा, असें ठरलें. जें तासाभरांत व्हावयाचें तें रात्रभर चालूं लागलें.

आणि रात्रभर चालूं लागलें म्हणजे वीज जाणें आलेंच. ज्येष्ठाचे दिवस, वारा सुटे, कोठेंतरी फांदी तारेवर पडे, आणि घर अंधारांत जाई. तरी मुलीस त्याची भीति नव्हती. मेकचा मोठा गुण हा कीं, झालेलें काम ती पुन्हां करीत नाहीं. प्रत्येक तुकड्याची संहिता शेवटीं केव्हां बदलली आणि त्याचें रूपांतर केव्हां झालें ह्या दोन वेळा ती ताडून पाहाते, आणि जें शिळें झालें असेल तेवढेंच नव्यानें बनविते. वीज आली कीं काम जेथल्या तेथें पुढें चालूं व्हावें. पण तसें होईना. वीज परत आल्यावर संगणक झालेलींच कामें पुन्हां करी, करावयाचीं वगळी, आणि घड्याळाचा मेळ बसत नाहीं अशी कांहींतरी तक्रार पडद्यावर दाखवी. नव्या फायली उतरवून घ्याव्या म्हटलें तर समोरच्या संगणकाचें प्रमाणपत्रच मान्य करीना. तीन रात्री अशा गेल्या. मुलगी रडकुंडीस आली. आमचे बंधु म्हणाले, "दे सोडून. काकूंस आपणच वाचून दाखवूं." सर्वांनीं माना डोलावल्या. त्या माना कितव्यांदा डोलत होत्या हें काकूंस ठाऊक होतें. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

जूनच्या ९ तारखेची सकाळ. काकू नेहमींप्रमाणें संगणकापाशीं खुर्ची ओढून बसल्या होत्या. पडदा दिसत नसला तरी मुलीच्या बोटांचा आवाज ऐकणें त्यांस आवडे. त्यांनीं विचारलें, "बाळ, आज तारीख काय ग?" मुलीनें जांभई देत पडद्याच्या कोपऱ्यांतलें वाचलें, "एक जानेवारी, काकूआजी."

"अग, उद्यां वटपौर्णिमा! तुझ्या यंत्रांत जानेवारी कुठून आली?"

मुलगी ताडकन् उठली. तिच्या एका क्षणांत सारें ध्यानांत आलें. संगणक बंद असतांना त्याचें घड्याळ चालूं ठेवणारी एक बॅटरी आंत असते, नाण्याएवढी. आमच्या जुन्या संगणकांतली ती केव्हांच संपली होती. वीज गेली कीं त्याचें घड्याळ मागें जाऊन कोठल्यातरी फार जुन्या वर्षाच्या पहिल्या तारखेवर बसे. आधल्या रात्रीं केलेलें काम त्यास पुढें कधींतरी होणारें असें वाटे. मग मेकनें शिळें कोणतें आणि ताजें कोणतें तें ठरवावें तरी कसें? त्या दिवशींच शहापुरांतल्या घड्याळजीच्या दुकानांतून नवी बॅटरी आणून बसविली, तारीख लावली, सारें पहिल्यापासून बांधावयास घेतलें. पुढच्या दिवशीं काकू वडाच्या पूजेहून परतल्या तेव्हां काळ्या पडद्यावरच्या ओळी थांबल्या होत्या आणि शेवटच्या ओळींत दोष नव्हता.

पहिलें पान काकूंनींच निवडलें. त्यांच्या सासूबाईंनीं कोपरा दुमडून ठेवलेलें, कैरीच्या साठवणाविषयीं एका मासिकांत आलेलें पान. जुना संगणक एक पान ओळखण्यास मिनिटें घेई, म्हणून रात्रीं पानें घालून ठेवावयाचीं आणि सकाळीं ऐकावयाचीं असा क्रम लावला. जुन्या छपाईंतले कित्येक अनुस्वार निसटत. कोठें कोठें ओळच हरवे. आवाज तर निव्वळ पत्र्याचा. काकूंनीं पान संपेपर्यंत ऐकलें आणि म्हणाल्या, "उच्चार राक्षसाचा आहे खरा, पण मध्यें घड्याळ पाहात नाहीं." आम्हीं सर्व खालीं पाहूं लागलों.

सोर्स कोडचें खरें मोल त्यानंतर कळलें. मराठींतल्या च, ज आणि झ ह्यांचे उच्चार दोन-दोन आहेत. चार मधला च निराळा आणि चाक मधला निराळा. जागा मधला ज एक आणि जेवण मधला दुसरा. लिपींत हा भेद दाखविलेला नाहीं. आपल्यास तो कानानें येतो, यंत्रास कोठून यावा? यंत्रानें 'चहा' असा कांहीं म्हटला कीं काकू हंसत सुटल्या. परंतु शब्दांचे उच्चार ठरविणाऱ्या नियमांची आणि अपवादांची यादीहि त्या सोर्स कोडबरोबर खुली मिळते. काकू चुका सांगत, मुलगी त्या यादींत भर घाली, यादी पुन्हां कंपाईल करी. ह्या खेपेस त्याला क्षणभरच लागे. तयार संच विकत आणला असता तर त्याचे उच्चार आम्ही मुकाट्यानें सोसले असते. येथें ८२ वर्षांची बाई यंत्राची शिकवणी घेत होती.

आतां मुरबाडची गोष्ट. आमची धाकटी बहीण तेथें दिलेली आहे. तिचे सासरे निवृत्त शिक्षक. त्यांसहि दृष्टीचा असाच त्रास. त्यांच्या घरीं तसलाच जुना संगणक होता. पुतणीनें सतरा दिवसांचा सारा अनुभव शुद्ध मराठींत चार पानांवर लिहून काढला: कोणती लायब्ररी, तिचे दोन भाग कोणते, टॅब कोठें, एका वेळीं एकच तुकडा, आणि सर्वांआधीं तारीख पाहा. टिपण इतकें नीटनेटकें झालें होतें कीं आम्हीं त्याची वाखाणणी केली. भाचा दहावींत आहे; त्यानें रविवारीं टिपण पुढें ठेवून आरंभ केला, आणि दहाच मिनिटांत आमचा फोन वाजला. "मामा, हा म्हणतो कंपायलरच नाहीं!"

कंपायलर! पुतणीनें तो कॉलेजच्या अभ्यासासाठीं आमच्या संगणकावर केव्हांच बसविला होता. तो असतोच, असें तिनें धरून चालविलें होतें. चार पानांच्या टिपणांत भाजणीच्या प्रत्येक डाळीचें माप होतें. चूल हवी, एवढेंच लिहावयाचें राहिलें होतें.

तेव्हां ज्या गृहस्थाच्या तीन ओळींस आम्हीं सतरा दिवस नांवें ठेविलीं त्याचा अपराध काय होता तें कळलें. त्यानें कांहीं दडवून ठेविलें नव्हतें. तो आपल्या घरांत बसून लिहीत होता. जें त्याच्या घरांत होतें तें त्यास दिसलेंच नाहीं. "डाळी नेहमींप्रमाणें भाजाव्या" असें आमच्या मावशी सांगत. नेहमीं म्हणजे कोणाच्या नेहमीं, हा प्रश्न त्यांस कधीं पडला नाहीं. ज्ञान खुलें करणारानें केवळ दार उघडून भागत नाहीं. दारापर्यंतची वाट, ती वाट ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या पायांनीं चालून पाहावी लागते.

ही गोष्ट ज्यांनीं ओळखली आहे असे लोक आपल्याजवळच आहेत. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें कण्णन मौद्गल्य ह्यांनीं सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पांत मुक्त आज्ञावली शिकविणारे लहान लहान पाठ तयार होतात, आणि ते मराठींतहि मिळतात. त्यांच्या पद्धतींत पाठाचा मजकूर जाणत्याच्या नजरेखालून तर जातोच. पण त्या विषयांत अगदीं नवख्या असलेल्या माणसाकडूनहि तो तपासून घेतला जातो. नवखा जेथें अडतो तेथें पाठ दुरुस्त करावयाचा. नवख्याचें अडणें हा त्याचा दोष न मानतां पाठाचा दोष मानणें, ह्यांत मोठें शहाणपण आहे.

आम्हींहि तोच मार्ग धरला. पुढल्या रविवारीं पुतणी एस. टी. नें मुरबाडास गेली. भाचा संगणकापुढें बसला, ती त्याच्या मागें. अट अशी कीं, तिनें कळफलकास हात लावावयाचा नाहीं आणि विचारल्यावांचून बोलावयाचें नाहीं. फक्त तो जेथें जेथें थांबेल तें लिहून घ्यावयाचें. हात मांडीवर घेऊन गप्प बसणें हें तिला त्या सतरा दिवसांहूनहि कठीण गेलें, असें ती सांगते. भाचा अकरा ठिकाणीं थांबला. त्या अकराहि जागा टिपणांत भरल्या. चार पानांचीं सात झालीं. आणि त्या रात्रीं मुरबाडास गुरुजींनीं आपल्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकाचीं दोन पानें ऐकलीं. पुतणीनें त्या सात पानांचा मजकूर मूळ आज्ञावली लिहिणाऱ्या गृहस्थास इंग्रजी करून पाठविला. त्यानें तो आपल्या तीन ओळींच्या खालीं जोडला आहे.

ज्या वाचकांच्या घरीं अशी कांहीं खटपट चालूं असेल त्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. यंत्राचा दोषसंदेश आला कीं तो शब्दशः उतरून ठेवावा. आठवणीनें सांगितलेला संदेश कोणाच्याहि उपयोगीं पडत नाहीं. पहिला दोष पाहावा, शेवटचा नव्हे; एका चुकीच्या पोटीं मागाहून शंभर ओळी येतात. यंत्राची तारीख बरोबर आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. जें जमलें तें त्याच दिवशीं मराठींत लिहावें, आणि लिहिलेलें घरांतल्या सर्वांत नवख्या माणसाच्या हातीं देऊन आपण गप्प बसावें. घरांतल्या वडील माणसांस ह्या कामापासून दूर बसवूं नये. जी गोष्ट तरुण डोळ्यांस तीन रात्री दिसली नाहीं ती आमच्याकडे न दिसणाऱ्या डोळ्यांनीं पाहिली.

हें लिहीत असतां बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि तानसा, भातसा भरत आहेत. तें पाणी मुंबईस जाईल, आणि पुढच्या चैत्रांत आमच्या पाड्यांवर काय होईल तें तेव्हां दिसेल. काकूंच्या खोलींतून यंत्राचा तो पत्र्याचा आवाज ऐकूं येत आहे. मधूनच काकू त्यास थांबवून एखादा शब्द नीट म्हणून दाखवितात आणि पुतणी तो वहींत टिपून घेते. आज संध्याकाळचीं दोन पानें मात्र आम्हीं स्वतः वाचून दाखवावयाचीं आहेत. तशी पाळीच आतां लावून घेतली आहे, आणि काकूंनीं पुन्हां विचारावयास सुरुवात केली आहे.